एक्केचाळीस लाल रेघा

आमची पिवळी शाळा सरकारने बंद केली, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. सांगायला काय जातं! सरकारच्या नावाने बोटं मोडायला झाशीत माणसं कमी नाहीत.

माणिक चौकामागची ही मुलींची सरकारी शाळा. एके काळी दोन पाळ्यांत चौदाशे मुली होत्या. मग ज्याला त्याला आपली पोर इंग्रजी पाटीच्या शाळेत घालायची हौस आली. मीसुद्धा माझ्या भाचीला तिकडेच घातलं, खोटं कशाला बोलू? उरल्या एकशे बहात्तर, हमालांच्या आणि धुणंभांडी करणाऱ्या बायांच्या. ही माणसं होळी झाली की घराला कुलूप लावून पोरींसकट समथरकडे गहू कापायला जातात. त्याला इकडे 'चैत काटना' म्हणतात.

आमच्या मोठ्या बाई, भानुमतीबाई, हजेरीत त्या पोरींपुढे पेन्सिलीने नुसता ठिपका द्यायच्या. मेमध्ये पोरी परतल्या की त्यांची वेगळी परीक्षा घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, "बाई, नियमाने दहा दिवसांनंतर नाव कापायला हवं." त्या म्हणाल्या, "अगं अनुसूया, येतात गं त्या. राहू दे."

त्या जानेवारीत बाई निवृत्त झाल्या आणि शाळेचा चार्ज माझ्याकडे आला. आम्ही पिढीजात दफ्तरदार. माझ्या माहेरची माणसं पेशवाईत इथे आली ती कागद लिहायला. आमच्या घरात भाजी खारट झालेली चालायची, पण वहीतली खाडाखोड चालायची नाही. चैतात बातमी आली की साहेब पटसंख्या तपासायला येणार. मी पट्टी घेतली, लाल शाई घेतली आणि गैरहजर एक्केचाळीस पोरींच्या नावांवर रेघा मारल्या. प्रत्येकीपुढे लिहिलं, 'नाम पृथक', म्हणजे नाव कमी केलं. जुलैत पुन्हा दाखल करू, त्यात काय मोठंसं, असं वाटलं मला. माझ्या त्या अकलेला काय म्हणावं!

साहेबांनी मोजलं. एकशे एकतीस. दीडशेच्या खाली असलेली शाळा बंद करायची, असा हुकूम त्यांच्या बॅगेतच होता. जूनमध्ये दाराला सील लागलं. एकशे एकतीस मुलींची यादी करून निम्म्या नगऱ्याच्या आणि निम्म्या कानपूर रोडच्या शाळेला वाटून टाकल्या. एक्केचाळीसजणी कुठल्याच यादीत नव्हत्या.

त्यातलीच एक गेंदा. नववीत होती, गणितात पहिली. दहावी करून नर्स व्हायचं तिच्या डोक्यात पक्कं होतं. बाप म्हणाला होता, दहावीत बसलीस तर थांबतो, नाहीतर अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, लग्न. जुलैत ती आईला घेऊन माझ्या दारात आली. पोरीच्या नावासाठी आई रडकुंडीला आलेली. "बहनजी, हमाई मोड़ी को नाँव किन्ने काटो?"

मी म्हटलं, "ऊपर से आदेश आया था." जीभ जरासुद्धा अडखळली नाही. वर शहाणपणाने म्हणाले, "चिंता मत करो, मैं दाखिला करवाऊँगी."

नगऱ्याच्या शाळेत चार खेपा घातल्या. ती शाळा म्हणजे तीन खोल्या, वऱ्हांड्यातसुद्धा पोरी बसवलेल्या. ते म्हणायचे, जुन्या शाळेचा दाखला आणा. आता सील लागलेल्या शाळेतून दाखला कोण देणार? शेवटी कळलं की जुनी रजिस्टरं शिक्षण खात्याच्या कचेरीत पडली आहेत. गेंदाला घेऊन तिथे गेले. मी तिला बाहेर बसायला सांगितलं, पण ती मागोमाग आत आली.

बाबूने धूळ झटकून रजिस्टर उघडलं आणि खूश झाला. "वाह मैडम! इतना साफ रजिस्टर पूरे जिले में नहीं है." मग लाल रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "मगर इसका तो नाम कटा है. मई के इम्तिहान में भी नहीं बैठी. नौवीं फिर से करनी पड़ेगी."

मे महिन्यात गेंदा शाळेत आली होती. मी तिला परत पाठवलं होतं, जुलैत ये म्हणून.

गेंदा रजिस्टरवर वाकली. माझं अक्षर ती तीन वर्षं आपल्या वहीत बघत होती. 'शाबास, गेंदा' असं मीच लिहायचे ना, त्याच लाल शाईने!

ती हळूच म्हणाली, "बहनजी, जे तो तुमाये अच्छर हैं."

मला वाटलं ती ओरडेल, रडेल. माझ्या थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं. तिने मात्र बाबूच्या टेबलावरून माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"चलो बहनजी," ती म्हणाली, "तुमें धूप लग जैहै."

अगहनात तिच्या लग्नाची पत्रिका आली. वरचं माझं नाव तिने स्वतः लिहिलं होतं. अक्षर सुरेख, कुठे खाडाखोड नाही. ते मीच शिकवलं होतं.