पुढच्या खांद्याचा मान

मित्रांनो, माघातील उत्सवात फुलांनी शृंगारलेल्या पालखीला तुम्ही हात जोडता, तेव्हा तिचा भार वाहणाऱ्या दांड्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तो जुना दांडा मी. मालवण तालुक्यातील एका टेकडीवरच्या देवळात, सभामंडपातील दोन लोखंडी कड्यांत माझा निवास आहे.

एका वृद्ध फणसाच्या उदरातून मी जन्मलो. खारेपाटणच्या सुताराने मला तासले, घोटले आणि तेल पाजले. पुढे कित्येक पिढ्यांचे खांदे मी अनुभवले. नांगर धरलेले, भाताचे भारे वाहिलेले ते खांदे! त्यांच्या स्पर्शानेच माझे अंग असे गुळगुळीत झाले.

आमच्या गावचा एक नेम आहे. खालच्या वाडीतून देवळापर्यंत जांभ्याच्या ब्याण्णव पायऱ्या आहेत. त्या चढताना पालखी टेकवायची नाही आणि पुढचा खांदा बदलायचा नाही. तो मान एकाच घराण्याचा. त्या घरचा गुरुप्रसाद तालुक्याच्या कचेरीत काम करतो. दिवसभर खुर्ची, घटकेघटकेला गोड चहा आणि संध्याकाळी भजी, असा त्याचा दिनक्रम होता.

गतवर्षी अर्ध्या चढणीवर, चाफ्यापाशी, त्याचे पाऊल पुढच्या पायरीवर उचलेना. त्याची धाप मला माझ्या तंतूतंतूत जाणवली. शेजारचा शंकर पुढे धावला.

"गुरू, खांदो माका दी! मान मगे बघूया, आधी श्वास घे!"

नेम मोडला. पुजारी दाजींनी जड अंतःकरणाने निवाडा सांगितला, "फुडल्या वर्साक जमला नाय, तर मान शंकराचो." गुरुप्रसाद मान खाली घालून पायऱ्या उतरला.

काही दिवसांनी तो आपल्या आईसह, माईंसह, दर्शनाला आला. दवाखान्यातील डॉक्टर सारिका, गावचीच लेक, तेथे भेटली. माईंनी माझ्याखालीच गाऱ्हाणे मांडले.

"सोमवार, चतुर्थी, एकादशी, एक उपास चुकवना नाय माजो झील. तरी साखर वाढता कशी गो?"

"उपासाक खाता काय?"

"काय नाय गो! साबुदाण्याचे चार वडे, बटाट्याची भाजी, वायंच खीर."

"माई, हो उपास नाय, ही जेवणावळ!"

खांबाआडचा गुरुप्रसाद ओशाळून हसला. मग सारिकाने त्याला शांतपणे समजावले. औषध सोडायचे नाही, ताटातला भात निम्मा करायचा, आणि रोज थोडे थोडे चढायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. अठराव्या पायरीवर बसला. त्या आठवड्यात अठरावीच्या पुढे काही तो गेला नाही. पण येणे चुकले नाही. माईंनीही तळणीची कढई माळ्यावर चढवली. नाचणीची आंबील, कुळथाची पिठी, लाल माठाची भाजी आणि तिरफळे घातलेला बांगडा, हे सारे जुनेच अन्न त्या घरात सन्मानाने परतले. दाजींनी शिऱ्याचा प्रसाद पुढे केला की गुरुप्रसाद एक कण जिभेवर ठेवी आणि हात जोडून उरलेला परत करी. त्या संयमात मला भक्तीच दिसली. आषाढाच्या धारांत पायऱ्या निसरड्या झाल्या, तेव्हा तो सभामंडपातच फेऱ्या घाली. मार्गशीर्षात तो प्रथम अखेरच्या पायरीवर पोहोचला आणि मला स्पर्श करून उभा राहिला.

मग उत्सव आला. चाफ्यापाशी त्याची पावले मंदावली. शंकर बाजूने चालत होता.

"काय रे, देतंस खांदो?"

"आज नको."

घामाने तो भिजला होता, परंतु श्वास एका लयीत होता. ब्याण्णवावी पायरी सरली, तेव्हा माईंनी डोळ्यांना पदर लावला आणि दाजींनी मान त्याच्याच घरी राहिल्याचे जाहीर केले.

उत्सव संपला. आता कशाला कोण येईल, असे मला वाटले. पण दुसऱ्या सकाळी पायऱ्यांवर तीच पावले वाजली. मागून धापा टाकत शंकर ओरडत होता, "गुरू, सावकाश रे! माका सोडून जातंस खंय?"

मित्रांनो, मला वर्षातून एकदा उंडीचे तेल लावले की माझी निगा झाली. मी लाकूड आहे. तुमच्या देहाला मात्र निगा रोज हवी, पालखी नसेल त्या दिवशीही. तेवढी ठेवा.