दोन ठोके

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे ज्याने कुणी पहिल्यांदा म्हटलं त्याने मालकांना बघितलेलं असणार. झटका येऊन उजवं अंग गेलं, वाचा गेली, चाकाच्या खुर्चीत बसायची वेळ आली. पण डाव्या हातातली काठी सुटली नाही. आणि त्या काठीचा फटका कुणाला, तर वृद्धाश्रमातल्या शिंपीदादांना, ज्यांनी उभ्या जन्मात मुंगीलाही दुखवलं नसेल. गुन्हा काय? बैठकीच्या खोलीत ठेवलेल्या पिनबॉलच्या मशीनचं बटण त्यांनी दाबलं.

"बरं, ते मशीन चालूही झालं नव्हतं हो," आश्रमाच्या मॅडम फोनवर म्हणाल्या. "नाण्याशिवाय चालतच नाही ना ते. आणि माझ्या आश्रमात नाण्यांचा खेळ मी ठेवणार नाही. सगळ्यांना फुकट खेळता येईल असं करून द्या, नाहीतर उचलून न्या."

"करते," सुट्टेबाई म्हणाल्या.

सुट्टेबाई म्हणजे मालकांची बायको. मालकांचा खेळांचा हॉल होता, ओळीने चौदा मशीन, आणि दाराशी काचेच्या खोक्यात बसून बाई तीस वर्षं नोटांचे सुट्टे करून देत होत्या. नाव तिथेच चिकटलं. शाळा चौथीपर्यंत, पण कुठल्या मशीनची कुठली पट्टी रुसली आहे ते त्यांना आवाजावरून कळायचं. दुरुस्ती मालक करायचे, बॅटरी बाई धरायच्या. बॅटरी धरणाऱ्याला आतलं सगळं दिसतं, आणि तो बघतोय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हॉलचे नियम दोन. एक, घरच्यांनी मशीनला हात लावायचा नाही. पुसायला लावला तर चालेल. दुसरा, कुणी मशीन हलवलं, लबाडी केली, की मालक मागून येऊन लाकडावर काठीचे दोन ठोके द्यायचे. टक, टक. ठोके पडले की खेळणाऱ्याने दोन्ही हात वर करून बाजूला व्हायचं. मग तो पैलवान असो नाहीतर हवालदार.

हॉल कधीच विकला गेला. तेरा मशीन भंगारात गेली, हे एक मालकांनी सोडलं नाही. आश्रमात आले तेही त्याला घेऊनच. आणि झटक्याने त्यांच्या तोंडात शब्दही एकच मागे ठेवला. देवाचं नाव नाही, बायकोचं नाही, पोराचं तर नाहीच. "नाणं." तहान लागली तरी नाणं, पाठ खाजली तरी नाणं.

मॅडमचा फोन आला तो गुरुवारी. बाईंना घाई होती ती रविवारची. रविवारी मुलगा येणार होता, अकरा वर्षांनी.

हा मुलगा नऊ वर्षांचा असताना एकदा सकाळी, हॉल उघडायच्या आधी, नाण्याच्या फटीत तार घालताना सापडला. मालकांनी मारलं नाही. तीच तार त्याच्या दोन्ही हातांत दिली आणि मशीनशेजारी उभं केलं. सकाळी दहा ते रात्री नऊ. गिऱ्हाईक आलं की मालक काठीने दाखवायचे, "हा बघा, आमच्या घरचा चोर." लोक हसायचे. बाई काचेत बसून सुट्टे देत होत्या. पोराचे गुडघे लटपटताना त्यांना दिसत होते, आणि त्या सुट्टे देत होत्या. एकोणिसाव्या वर्षी पोरगा घर सोडून गेला तो गेलाच. फोन करायचा तो आईला, आणि तोही सणावाराचा हिशोब केल्यासारखा.

आता बाईंना दुसरं काही नको होतं. त्याने एकदा, बापाच्या डोळ्यांदेखत, त्या मशीनवर एक डाव खेळावा. कुणी त्याच्याकडे काही मागू नये. बस.

त्या आश्रमात पोचल्या तर वायरमन आधीच कामाला लागलेला. त्याने नाण्याची पट्टी काडी घालून दाबून ठेवली होती. "झालं मावशी! आता मशीनला वाटणार नाणं पडलंय."

"नाणं पडतंय, पडतंय आणि पडतच राहिलंय असं वाटणार त्याला," बाई म्हणाल्या. "वास येतोय का?"

वास येत होता. तांब्याच्या तारेवरची लाख जळते तसा. बाईंनी प्लग उपटला आणि ती काडी काढून फेकली.

"आतली ती तारेची गुंडाळी क्षणभर ओढायला केलेली असते, बाबा. तुला कुणी दिवसभर शिंकत ठेवलं तर जगशील का? हो बाजूला. आणि बॅटरी धर. धरता येते ना?"

त्यांनी मशीनच्या उभ्या डोक्याचं मागचं दार उघडलं. आत दात्यांचं एक चाक. नाणं पडलं की एक दाता पुढे, डाव सुरू झाला की एक दाता मागे. चाक शून्यावर आलं की त्याची खुंटी दोन पितळी पट्ट्यांना एकमेकींपासून दूर सारते; पट्ट्या सुटल्या की बटण मेलं. सगळी मेख तिथे. बाईंनी जाड पुठ्ठ्याचा तुकडा दोन पट्ट्यांमधून ओढला, काळं निघालं ते पदराला पुसलं, आणि बारीक पकडीने एक पट्टी हळूच वाकवली, खुंटी तिला गाठणारच नाही अशी.

"नाणं!" मालक खुर्चीतून ओरडले. "नाणं! नाणं!"

"ऐकलं हो. तीस वर्षं तेच ऐकतेय."

प्लग लावला, बटण दाबलं. आकड्यांची चाकं खडखडत शून्यावर आली, दिवे लागले, गोळी येऊन दांड्यापुढे बसली. शिंपीदादा टाळ्या वाजवायला लागले.

"या दादा, तुमचा मान पहिला."

दादांनी दांडा ओढून सोडला. घंटा वाजली तसे ते पोरासारखे हसले. मालकांनी खुर्ची डाव्या पायाने रेटत आणली. टक, टक. दादांना हॉलचा नियम काय माहीत? ते खेळतच राहिले. मग मालकांनी काठी डोक्यावरून फिरवून मशीनच्या पायावर अशी हाणली की काच थरथरली. दिवे गेले. डाव संपला.

"मी काय केलं?" दादा घाबरून म्हणाले.

"तुम्ही नाही. आमच्या रत्नाने केलं."

मशीनच्या पोटात, पुढच्या दाराच्या आत, कडीतून एक वजन टांगलेलं असतं. गवंड्याच्या ओळंब्यासारखं. मशीन जोरात हललं की ते कडीला टेकतं आणि डाव बंद. बाईंनी हात घालून स्क्रू सैल केला, वजन काढून पर्समध्ये टाकलं. दारावर अशीच एक पट्टी धक्क्यावर टपलेली होती, तीही वाकवून ठेवली. दादांनी नवा डाव सुरू केला, मालकांनी पुन्हा काठी हाणली. घंटा वाजत राहिली. त्यांनी बाईंकडे बघितलं. चाळीस वर्षांत असं बघितलं नव्हतं.

"बॅटरी धरत होते ना मी," बाई म्हणाल्या.

रविवारी मुलगा आला. टक्कल पडलेलं, चष्मा लागलेला, हातात फळांची पिशवी. बाईंना वाटलं आपण भलत्याच कुणाला भेटतोय. बापासमोर उभा राहिला. "कसे आहात बाबा?"

"नाणं," मालक म्हणाले आणि डावा तळवा पुढे केला.

मुलाचा हात आपसूक खिशाकडे गेला. बाईंनी मनगट धरलं.

"नाही. एकही नाही. मी मशीन सगळ्यांना मोकळं केलंय. दाब बटण."

"आई, राहू दे ना."

"राहू दे कशाला? दहा वर्षं उभा राहून लोकांचे खेळ बघितलेस. एक डाव तुझाही होऊ दे."

त्याने बटण दाबलं. दांडा ओढताना हात थोडा अडखळला, पण गोळी वर गेली आणि परत आली तेव्हा त्याने ती बटणाने उडणाऱ्या फ्लिपरवर अशी अलगद झेलली की शिंपीदादा "वा!" म्हणाले. खेळणं त्याच्या डोळ्यांत होतं, हातांना कधी मिळालं नव्हतं. गोळी मधल्या उसळवणाऱ्या टोप्यांमध्ये सापडली, घंटांवर घंटा, आकडे पळायला लागले. म्हातारी माणसं गोळा झाली. मुलगा पुढे वाकला होता, ओठ चावत होता, आणि बाईंना पाठमोरा तो पोरगा दिसला, नऊ वर्षांचा.

टक, टक.

हळूच दिले होते ठोके. जोर लावायची गरज नव्हती. मशीन चालूच होतं, दिवे होते, घंटा वाजत होत्या. पण मुलाचे दोन्ही हात वर गेले. गोळी खाली आली आणि मधून निघून गेली. तो बाजूला झाला.

"अजून चार गोळ्या आहेत तुमच्या," शिंपीदादा म्हणाले.

"तुम्ही खेळा. माझी बस आहे."

"अरे, काही होत नाही," बाई त्याच्या मागे दारापर्यंत धावल्या. "ठोकू दे त्यांना. ते वजन मी काढून ठेवलंय. मशीन बंद पडत नाही."

"बघितलं ना मी. नाही पडलं." त्याने चष्मा पुसला. मग शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी तू काचेत होतीस, आई. एकदा तरी बाहेर यायचंस."

फाटकापर्यंत दोघं गेली. बस आली, तो चढला, खिडकीतून हात केला. फळांची पिशवी बाईंच्याच हातात राहिली होती.

त्या परत आल्या तेव्हा शिंपीदादा उरलेल्या गोळ्या खेळत होते, आणि दोघी म्हाताऱ्या आपला नंबर कधी म्हणून भांडत होत्या. मालक काठी मारत होते. टक, टक. कुणी मानही वळवत नव्हतं. तरी मालकांच्या तोंडाची जी बाजू चालत होती तिच्यावर हसू होतं. बाईंनी पिशवी त्यांच्या मांडीवर आदळली.

"ठोका. खुशाल ठोका. या काठीला भिणारा जगात एकच उरला होता, तो आत्ता बसमध्ये बसून गेला. आता तुम्ही नुसता लाकडाचा आवाज आहात."