वळणावरचा पेटारा

मित्रांनो, मी एक लाकडी पेटारा आहे. जुना आहे हे वेगळं सांगायला नको, कारण हल्ली पेटारे कोणी करतच नाही. लोक अंथरुणं पलंगाच्या पोटात कोंबतात आणि वर निवांत झोपतात. मला मात्र निवांतपणा ठाऊक नाही. आमच्या घरात बिऱ्हाड हलवायची भाषा सुरू झाली तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही, म्हणून मी काही मागचं पुढे सांगून गेलो तर समजून घ्या.

ज्या सुताराने मला घडवलं तो हाताचा चांगला होता, पण त्याला लाकूड वाया गेलेलं खपत नसे. एका गिऱ्हाइकाने न नेलेल्या टेबलाचे पाय त्याच्याकडे पडून होते. ते त्याने मला लावून टाकले. त्यामुळे इतर पेटारे माणसाच्या गुडघ्याला लागतात आणि मी लागतो थेट कमरेला. घरची आई मला बघून म्हणाली, "मी पेटारा सांगितला होता, घोडा नव्हे." तरी तिने मला ठेवून घेतलं. रजया काढताना तिला टाचा उंच कराव्या लागत आणि दर वेळी ती सुताराच्या नावाने दोन शब्द बोलून घेई. पाहुणे हसत. मुलं माझ्यावर चढून खाली उड्या मारत. अशी माझी पहिली वर्षं गेली. कौतुक फारसं झालं नाही, पण माझ्यावाचून कोणाचं भागतही नव्हतं.

त्या मुलांमधली थोरली मुलगी म्हणजे आमची ताई. ती मोठी झाली आणि टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर म्हणून लागली. दिवसभर कानाला यंत्र लावून ती अनोळखी माणसांचे आवाज एकमेकांना जोडून द्यायची. नोकरी संपत आली तेव्हा तिची नजर कमी होऊ लागली. आधी अक्षरं गेली, मग चेहरे गेले आणि शेवटी दिवा लावला तरी तो कुठे आहे हे तिला कळेनासं झालं.

तेव्हा माझे उंच पाय कामी आले. घरातल्या बोळासारख्या लांब वाटेवर, वाट जिथे वळते तिथे मी उभा होतो. ताई चालत आली की तिचा हात न वाकता माझ्या झाकणावर पडे. माझ्या एका बाजूला लोखंडी कडी होती. ती हाताला लागली की त्या अंगाला स्वयंपाकघर. दुसऱ्या बाजूची कडी कधीच निखळली होती आणि तिथे नुसती दोन भोकं उरली होती. त्या अंगाला ताईची खोली. समोर कोयंडा, आणि कोयंड्याच्या समोर घराचं दार. एवढ्यावर ताई अख्ख्या घरात फिरे. चहा करी, दार उघडी, वाळलेले कपडे आणी. नवखं माणूस आलं तर त्याला बराच वेळ कळतही नसे की तिला दिसत नाही.

घरात ताईचा धाकटा भाऊ आणि भावजय होती. ताई भावाला लहानपणापासून बंडू म्हणायची आणि त्याचे केस पिकले तरी तेच म्हणत राहिली. बंडूचा छापखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला. रोज जाण्यायेण्यात त्याचा जीव मेटाकुटीला येऊ लागला, म्हणून त्यांनी तिकडे घर पाहिलं. ते जरा लहान होतं. मग कोणती वस्तू न्यायची आणि कोणती ठेवायची यावर रोज खल सुरू झाला. बंडू माझ्यासमोर येऊन उभा राही, मला एकदा डोळ्यांनी मोजी आणि काही न बोलता निघून जाई. मित्रांनो, त्या न बोलण्याची मला जेवढी धास्ती वाटे तेवढी वाळवीचीही कधी वाटली नव्हती.

एके दिवशी तो ताईजवळ बसला आणि फार मायेने बोलला. तिच्यासाठी त्याने मऊ खुर्ची बघून ठेवली होती. खिडकीपाशी रेडिओ ठेवायचा, हाक मारायला घंटी लावायची, सगळं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. शेवटी तो म्हणाला, "ताई, नव्या घरात तुला जागेवरून उठावंच लागणार नाही बघ."

ताईने पायातल्या सपाता नीट केल्या. त्या दिवशी ती उगाचच कितीदा तरी स्वयंपाकघरात गेली आणि परत आली. दर वेळी माझ्या झाकणावरून हात फिरवताना तिची बोटं जरा जास्तच वेळ थांबत होती. मला काय ते कळलं. मला इथेच टाकून जाणार होते, हे एक. पण त्याहून वाईट म्हणजे ताईला खुर्चीत बसवून ठेवणार होते, आणि ते करणाऱ्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. वाकडं असतं तर निदान भांडता आलं असतं.

मग सामान हलवणाऱ्या कंपन्यांची चौकशी सुरू झाली. एकाने घर न बघताच फोनवर सामानाचं वजन सांगून टाकलं. भावजय म्हणाली, हा डॉक्टर असता तर फोनवरूनच टाके घातले असते. तो बाद झाला.

दुसरा माणूस स्वतः आला. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, हातात मोबाइल. खोल्याखोल्यांतून फोटो काढत फिरला. ताई माझ्याजवळ उभी होती. तिने त्याला विचारलं, हा पेटारा गाडीत सगळ्यात शेवटी चढवाल का, म्हणजे तिकडे तो सगळ्यात आधी उतरेल आणि जागेवर लागेल. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आतच तो म्हणाला, "होऊन जाईल, ताई."

जन्मभर लोकांचे आवाज ऐकलेल्या बाईच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. तिने पुढे विचारलं, काचेचं कपाट आतल्या पेल्यांसकट उचलाल का. होऊन जाईल. आणि पाण्याचं पिंप? भरलेलं? तेही होऊन जाईल.

"बरं, मी या पेटाऱ्यात झोपते," ताई गंभीरपणे म्हणाली. "मला तशीच न्याल का?"

"होऊन जाईल, ताई. तुम्ही टेन्शनच घेऊ नका."

भावजय तोंडावर हात दाबून स्वयंपाकघरात पळाली. बंडू छताकडे बघू लागला. तो माणूस गेल्यावरही बंडूचं म्हणणं होतं की बोलायला गोड आहे, कामही गोडीने करेल. ताई म्हणाली, "त्याचं तोंडच तेवढं कामाला लागलंय, बंडू. कान अजून रिकामेच बसलेत."

तिसरी एक बाई आली. बंद पाठीचा ट्रक तिचा स्वतःचा होता आणि तो चालवायचीही तीच. तिच्या आवाजाला कोंड्यासारखा खरखरीतपणा होता. तिने फोटो काढले नाहीत. कपाटांची दारं उघडून पाहिली, पलंगाचे स्क्रू चाचपले आणि माझ्यापाशी येऊन माझा एक पाय खांद्याने जमिनीवरून उचलून पाहिला. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. मला वाटलं, झालं, आता ही म्हणणार की या वयात याला हलवू नका.

ताईने तिलाही तेच विचारलं, शेवटी चढवाल का.

"नाही जमणार," बाई म्हणाली.

बंडूचा चेहरा खुलला. त्याला वाटलं, मला न्यायचा प्रश्न आपोआप सुटला. पण ताईने मान तिच्याकडे वळवली आणि का म्हणून विचारलं. बाईने समजावून सांगितलं. जड सामान आधी चढतं, पुढच्या भिंतीला टेकून आवळून बांधतात. जड वस्तू मागे ठेवली तर वळणावर गाडी डोलते आणि बाकीच्या सामानाचा चुरा होतो. "मी हो म्हटलं असतं तरी ऐनवेळी पोरांनी त्याला आधीच चढवलं असतं. मग तिकडे तुम्ही माझ्या नावाने बोटं मोडली असती."

"मला हीच हवी," ताई बंडूला म्हणाली.

"अगं, ती तर नाही म्हणतेय."

"म्हणून तर."

बाई जरा वेळ माझ्या झाकणावर बोटं वाजवत उभी राहिली. मग तिने विचारलं, तो आधीच तिकडे असायला हवा असं काय आहे त्यात. ताईने तिला सांगितलं नाही, चालून दाखवलं. कडी, भोकं, कोयंडा, दार. बाई बघत राहिली. मग म्हणाली की सामान बांधायची खोकी टाकायला ती आदल्या दिवशी येईलच. जाताना गाडी रिकामी असते आणि तुमच्या नव्या घरावरूनच जाते. तेव्हा पेटारा एकटा नेता येईल. पण मग एवढा वेळ तुम्हाला इथे त्याच्याशिवाय काढावा लागेल.

"कशाला? मीही त्याच्याबरोबर येते," ताई म्हणाली.

बंडू हडबडला. रिकामं घर, तिथे बसायला खुर्चीसुद्धा नाही, असं काहीबाही बोलू लागला. ताई म्हणाली, नसू दे, मला बसायचं कुठे आहे. शेवटी तोही आमच्याबरोबर यायला निघाला.

ठरल्याप्रमाणे आदल्या दिवशी आम्ही निघालो. गाडीच्या मागच्या भागात मी एकटाच होतो. दोन्ही बाजूंनी दोर, अंगावर जाड गोधडी. प्रत्येक वळणाला पोटातलं लाकूड कळवळत होतं. पुढे ताई त्या बाईशेजारी बसून घंटा, भोंगे आणि रस्त्यांवरचे खड्डे यांची चौकशी करत होती, हे मला ऐकू येत होतं. मला मात्र एकच घोर लागला होता. तिथे मी तिच्या कामी आलो नाही तर काय?

नव्या घरातली वाटही एका ठिकाणी वळत होती. बंडूने मला तिथेच ठेवायला लावलं, अगदी होतो तसं. कडी डावीकडे, भोकं उजवीकडे, कोयंडा दाराकडे. स्वतःच्या कामावर तो खूश झाला. ताईने आत येऊन माझ्या झाकणावर हात ठेवला, कडी चाचपली, हसली आणि कडीच्या अंगाने भरभर स्वयंपाकघराकडे चालू लागली.

आणि तिचं कपाळ न्हाणीघराच्या बंद दारावर आपटलं.

हे घर उलटं होतं, मित्रांनो. जुन्या घरात जे डावीकडे, ते इथे उजवीकडे. बंडूने घर दोनदा येऊन पाहिलं होतं, पण डोळ्यांनी पाहणाऱ्याला असल्या गोष्टी लक्षात ठेवायची गरजच पडत नाही. त्याने धावत येऊन तिचा दंड धरला. तो घाबरला होता आणि घाबरला की माणूस चिडतो. म्हणाला, मी सांगत होतो, खुर्ची आणून देतो, एका जागी बस, कशाला हा हट्ट. मग तो हळूच म्हणाला की पेटारा उलटा करून ठेवू, म्हणजे कडी पुन्हा स्वयंपाकघराकडे होईल.

माझी उभी फळी आक्रसली. तसं केलं असतं तर कोयंडा भिंतीत गेला असता आणि माझं झाकण पुन्हा कधी धड उघडलं नसतं.

"त्याला नको फिरवूस," ताई कपाळ चोळत म्हणाली. "मीच फिरते. आणि बंडू, माझा हात सोड."

त्याने लगेच सोडला नाही. ताई थांबली. तिने हिसका दिला नाही की आवाज चढवला नाही, नुसती उभी राहिली. गाडीवाली बाई दारात दोर गुंडाळत होती, तिचेही हात थांबले. शेवटी बंडूने एकेक बोट उचलत हात सोडला आणि भिंतीला पाठ लावून तो खाली फरशीवर बसला.

मग ताई चालू लागली. माझ्यापासून निघायची, भिंतीवरून उलटा हात फिरवत जायची, चौकटी मोजायची, परत माझ्याकडे यायची. कडीला हात लावून स्वतःशीच म्हणायची, इकडे आता न्हाणीघर. चुकायची. पुन्हा माझ्याकडे यायची. एकदा खिडकीच्या कडाप्प्यावर कोपर आपटलं तेव्हा बंडू अर्धा उठला आणि मोठ्या कष्टाने परत बसला. मला वाटतं, त्या दुपारी सगळ्यात अवघड काम त्याच्याच वाट्याला आलं होतं.

गाडीवाल्या बाईच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी संपलं होतं. ताई तिच्या हातातून बाटली घेऊन गेली. आम्ही तिघेही कान देऊन होतो. पावलं, मग चाचपडणं, मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग नळाचा आवाज. बंडूने डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाकीचं सामान आलं. त्या बाईने आपल्या माणसांना बजावून ठेवलं होतं की वाटेत एकही खोकं टेकवायचं नाही. एकाने क्षणभर टेकवलं, तर तिने त्याला असं फैलावर घेतलं की माझी भोकंसुद्धा दचकली. खुर्चीही आली. चांगली मऊ आहे. तीत बहुतेक वेळ बंडूच बसतो.

आता इथे बरेच दिवस झाले. सुरुवातीला ताईचा हात जाता येता माझ्यावर पडायचा. मग नुसती बोटं लागायची. परवा ती चहाचे दोन कप घेऊन माझ्याजवळून गेली आणि तिने मला स्पर्शही केला नाही. दोन्ही हात भरलेले होते ना. मी वाट बघत होतो की येताना तरी लावेल. येतानाही ती गुणगुणत तशीच निघून गेली. वाईट वाटलं, खोटं का सांगू? पण ती अशी मोकळी फिरावी यासाठीच तर मी एवढ्या खस्ता खाल्ल्या होत्या. तरीही तिची पावलं वाजली की मी अजूनही सावध होतो.

म्हणून मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. ते माझ्यासाठी नाही. मला तेलपाणी केलंत किंवा नाही केलंत, मी उभा राहीनच. तुमच्या घरी, शेजारी, नात्यात ताईसारखं कोणी असेल, तर शाळेतून आल्यावर दप्तर वाटेत टाकू नका. खुर्ची सरकवलीत तर तोंडाने सांगा. आणि त्यांचा हात धरायच्या आधी विचारा. नको म्हणाले, तर भिंतीला पाठ लावून बसा आणि त्यांना जाऊ द्या.