वाऱ्याला टांगलेली छागल

“पहले दिन टपकेगी भैया, घबराना नहीं.”

मित्रांनो, झाशीच्या बड्या बाजारातल्या दुकानदाराचा हा आवाज माझ्या शिवणींत अजून मुरून आहे. मी एक जुनी छागल आहे. जाड कॅनव्हासची पिशवी, लाकडी बूच आणि वर एक दोर, एवढाच माझा देह. पाणी भरा, अंग भिजू द्या, उघड्या वाऱ्यावर टांगा. बाहेरून मी घामेजते आणि आतलं पाणी गार होत जातं.

मला विकत घेतलं जनार्दनरावांनी. ते वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर. पुढ्यात धगधगती भट्टी, बाहेर बुंदेलखंडाची लू, म्हणजे उन्हाळ्यातला भाजणारा वारा, आणि इंजिनाच्या कडेला झुलणारी मी. इंजिनांच्या शेडमधली माणसं जनार्दनरावांना पंडितजी म्हणत. ती म्हणायची, “पंडितजी की छागल में कुआँ बसता है.” किती मिरवले मी तेव्हा! मग डिझेलची इंजिनं आली, जनार्दनराव निवृत्त झाले आणि झाशीच्या नगरा वस्तीतल्या घरी दारामागच्या खुंटीवर मी सुकत गेले. सुकले की माझे धागे सैल पडतात. मग पाणी धरता येत नाही.

त्यांची लेक लीला झाशीतच इंजिनिअरिंग शिकत होती. कॉलेजची सहल निघाली. बसनं बबीना, ललितपूर, सागर करत भोपाळ. वाटेत सिमेंटचा कारखाना आणि शेवटी टर्बाइनचा. लीलाचे पाय जमिनीवर ठरेनात. पुढे त्या टर्बाइनच्या कारखान्यातच काम करायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. जनार्दनरावांना ते नको होतं. भट्टीच्या धगीनं त्यांचे हात कोपरापर्यंत पोळलेले. लेकीनं शाळेत शिकवावं, सावलीत राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. ते एकदा सांगून झालं आणि त्यांनी तिच्याशी बोलणंच सोडलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि बादलीत बुडवून ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. सकाळी लीलाला वाटलं, हे आईचंच काम. इंदुमतीबाईंनी लेकीच्या तळहातावर दही ठेवलं आणि गुणगुणल्या:

लेक चालली दूरच्या गावा, वाट उन्हानं तापली
वाऱ्या भाऊराया माझ्या, धर तिच्यावर सावली

त्या घरात निघणारं माणूस “येते” म्हणतं आणि थोरलं माणूस “ये” म्हणतं. त्या उत्तराशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही पिढ्यांची रीत.

“येते, बाबा,” लीला म्हणाली.

बाबा चष्मा पुसत राहिले. बाहेर बसचा हॉर्न वाजला. ती तशीच निघाली.

बसमध्ये नुसता कल्लोळ होता. गाणी काय, टाळ्या काय! मी लीलाच्या मांडीवर बसून ठिबकत होते. शेजारच्या मधुची पँट भिजली. “लीला जी, तुम्हारी छागल ससुराल जा रही है क्या? रोए ही जा रही है,” तो म्हणाला, तशी सगळी बस हसली. मग त्यानं मोठ्या मायेनं मला प्लास्टिकमध्ये गुंडाळून टाकलं. ठिबकणं थांबलं खरं, पण बबीना येईतो आतलं पाणी चहासारखं तापलं. मधुनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. लीलानं प्लास्टिक ओढून काढलं आणि मला खिडकीबाहेर गजाला टांगलं. “रोएगी, तभी ठंडी होगी,” ती म्हणाली.

अहाहा, तो वारा! किती वर्षांनी भेटला. दोन्ही बाजूंनी लालभडक पळस मागे धावत होते, मी झुलत होते, फडफडत होते, पुन्हा इंजिनाच्या कडेला असल्यासारखी. ललितपूरला साऱ्यांनी ओंजळी धरल्या, तेव्हा पाणी दातांना झोंबत होतं. मधुनं तर दोनदा घेतलं.

भोपाळच्या कारखान्यात मी लीलाच्या खांद्यावर होते. घराएवढं चाक, त्याला ओळीनं बसवलेली चकचकीत पाती. वाफ पात्यांवर आदळते, चाक फिरतं, गावोगाव दिवे लागतात, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. लीलानं गार पोलादावर तळहात टेकला. ती हळूच मराठीत म्हणाली, “ही तर आमच्या बाबांचीच वाफ.” बाकी कुणाला कळलं नाही. मला कळलं.

घरी आली ती चपला न काढताच सांगत सुटली. मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत शिरायचं आणि धापा टाकत परत यायचं. जनार्दनराव पेपरामागे होते. मध्येच पेपर खाली आला.

“वाफ आत कुठून घेतात?” त्यांनी विचारलं.

लीला खडू घेऊन फरशीवर काढू लागली. बापलेक त्यावर वाकले आणि ताटातला भात निवून गेला.

मित्रांनो, जुनी वस्तू अडगळीत टाकण्याआधी तिला एकदा भिजवून पाहा, वाऱ्याला लावून पाहा. सुकलेलं सगळंच फाटकं नसतं. आणि पहिल्या दिवशी टपकलं, तर घाबरू नका.

पुढच्या उन्हाळ्यात लीलाला त्याच कारखान्यातून प्रशिक्षणासाठी बोलावणं आलं. तळहातावर दही झालं. या खेपेला जनार्दनरावांनी सगळ्यांदेखत मला भरलं, बूच घट्ट केलं आणि तिच्या खांद्याला अडकवलं.

“येते, बाबा.”

त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

“ये,” ते म्हणाले. “आणि आलीस की त्या वाफेचं सांग.”