सातवा प्रश्न

सहाला नळ आला तेव्हा निता उठली. वाशीममध्ये तिघींनी मिळून घेतलेल्या खोलीत सोमवारी पाणी भरण्याची पाळी तिची असे. तिने दोन बादल्या आणि एक घागर भरली, पोहे परतले, केस विंचरले आणि पावणेनऊला बियाण्यांच्या दुकानावरच्या संस्थेच्या कार्यालयात येऊन संगणक सुरू केला. संस्थेचे प्रमुख रविकांत सर यायला अर्धा तास होता. आलेल्या नोंदी तेवढ्या वेळात चाळून घेणे हे तिचे रोजचे काम.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळा सुटू नये म्हणून गावाजवळ हंगामी वसतिगृह चाले. त्याच्या अर्जाचे वेबपान जुने होते, मोठ्या पडद्यासाठी केलेले. बावीस रकाने एकाखाली एक. ते मोबाइलवर बोलके करण्याचे काम चार महिन्यांपूर्वी जिल्ह्याच्या कार्यालयाकडून निताच्या संस्थेकडे आले. पानाने प्रश्न वाचून दाखवायचा आणि पालकाने बोलून किंवा बोटाने उत्तर द्यायचे. निताने ते मन लावून केले. गाव यादीतून निवडायचे, इयत्ता चित्रावर बोट ठेवून. नावे मात्र तोंडी. नावे लिहिण्याची चौकट पहिल्या मसुद्यात होती. बायांना टाइप करता येत असते तर हे पान केलेच कशाला असते, असे रविकांत सर म्हणाले आणि तिला ते पटले. चौकट तिनेच काढली. चाचणीही तिनेच घेतली, आपल्या खोलीत, दार लावून.

आज निवड यादी लागली होती. तिने आधी भाचीचे नाव शोधले. अंजू, चौथीतली, मेडशीजवळच्या तांड्यावर राहणारी. नाव नव्हते. अर्ज काढून पाहिला, तर सातव्या प्रश्नापुढे ‘उत्तर नाही’ असा शेरा होता. मग तिने सगळेच अर्ज तपासले. एक्केचाळीस अर्ज सातव्या प्रश्नावर थांबले होते आणि एक्केचाळीसही बायांनी भरलेले होते.

प्रत्येक उत्तराचा आवाज साठवलेला असे. तिने अंजूच्या आईचा, रंजीतावहिनीचा, आवाज लावला. पानाने विचारले, “आपल्या पतीचे पूर्ण नाव सांगा.” पुढे शांतता. कोंबड्यांची कलकल, दूरवर एसटीचा हॉर्न आणि अगदी जवळून एका म्हाताऱ्याचा खोकला. तो खोकला तिच्या वडिलांचा, दौलतसिंगांचा होता. “आवाज ऐकू आला नाही. कृपया मोठ्याने सांगा.” पुन्हा खोकला. तिसऱ्या वेळेनंतर पान म्हणाले, “धन्यवाद. आपली नोंद घेतली आहे.”

निताने कानातले हेडफोन काढून ठेवले.

रविकांत सरांनी तिचे म्हणणे शांतपणे ऐकले. यादीवर सही झाली होती, जागा भरल्या होत्या. पुढच्या वर्षी सुधारणा करू, म्हणाले. उद्या संध्याकाळपर्यंत जिल्ह्याला अहवाल जायला हवा, त्यात ‘महिलांनी प्रतिसाद दिला नाही’ एवढे वाक्य पुरे, आणि पान तिने केले असल्याने खाली सही तिची. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना पुढचे काम मिळवायचे होते.

दुपारच्या एसटीने ती तांड्यावर गेली. भाऊ वीरेंद्र पहिल्या टोळीबरोबर आधीच गेला होता. उरलेले घर, म्हातारे दोघेही, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ट्रकने निघणार होते आणि दाराला कुलूप लागणार होते. रंजीता भांडी पोत्यात भरत होती. निताने विचारल्यावरही तिचे हात थांबले नाहीत.

“घरात टावर भेटत नाही, तुमाले तं माहीत हाये. पारावर गेली. तेथी मामंजी बसेल, काका बसेल. अन् तो मोबाइल जोरानं इचारून राह्यला, नवऱ्याचं नाव सांगा.”

“हळूच सांगतलं असतं, वहिनी.”

“हळू सांगतलं तं जोरानं सांगा म्हणे. मंग धन्यवाद म्हणे. मले वाटलं, समजलं असंन त्याले.”

आई धनीबाई चुलीपाशी होती. पूर्वी गुरुजी अर्ज भरत तेव्हा बाया पोराला पुढे करत आणि पोर बापाचे नाव सांगे. गुरुजींना विचारावेही लागत नसे, असे ती म्हणाली. नंतर लेकीकडे न बघताच बोलली, “इले कायले ध्यानात राहीन ते? इले कोठी नवरा हाये, नाव टाळाले.”

रंजीता हसली नाही. “पान तुमीच बनवलं नं, निताबाई?” तिने विचारले. “तुमाले तं ठाऊक होतं.”

आईच्या तोंडून वडिलांचे नाव निताने जन्मात ऐकले नव्हते. अंजूला आपल्याकडे ठेवावे असे मनात आले, पण पोरे ठेवायची नाहीत हे घरमालकिणीने पहिल्याच दिवशी बजावले होते. आणि तेवढ्याने एकीचेच भागले असते. अंजू दारात धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिकडे त्याला सांभाळणे हेच तिचे काम असणार होते. शाळेत गुरुजींना काय सांगायचे, एवढेच तिने आत्याला विचारले.

पहाटे ट्रक गेला. निता पहिल्या एसटीने वाशीमला आली आणि दिवसभर उरलेल्या चाळीस नंबरांवर फोन करत राहिली. काही बंद होते. बहुतेक बाया तिच्याशी सहज बोलल्या, कारण ती बाईमाणूस होती आणि जवळ कोणी बसलेले नव्हते. मूल आता कुठे आहे, एवढेच ती विचारत होती. तेवीस मुले जिल्ह्याबाहेर गेली होती.

संध्याकाळी तिने अहवाल उघडला. दिलेले वाक्य खोडून लिहिले : ‘पानाने पतीचे नाव चारचौघांत मोठ्याने विचारले आणि मोठ्यानेच सांगायला लावले. लिहून उत्तर देण्याची सोय पानातून मी काढली होती. दोष अर्जदारांचा नाही. हे अर्ज पुन्हा घ्यावेत.’ खाली एक्केचाळीस मुलांची नावे आणि ज्यांचा ठाव लागला त्यांचा ठिकाणा. अंजूच्या नावापुढे ‘माझी भाची’ असे नमूद केले.

उत्तर येईपर्यंत हंगाम उलटलेला असेल, हे तिला कळत होते. ही नोकरी तोवर राहणार नाही, हेही.

तिने सही केली, अहवाल थेट जिल्ह्याच्या कार्यालयाला पाठवला आणि प्रत रविकांत सरांना. मग पान उघडले आणि कोणालाही न विचारता सातव्या प्रश्नाखाली लिहिण्याची चौकट बसवायला घेतली.