किल्ल्यांची किणकिण

एप्रिलच्या धूसर संध्याकाळी, वाळूनं माखलेल्या काचेतून झिरपणारा तांबूस प्रकाश आणि एसीची अखंड घरघर यांच्या मधोमध ते स्वर सांडायचे: धातूचे, कोरडे, क्षणजीवी. शारजात, अल नहदातल्या आमच्या नवव्या मजल्यावर माझी लेक मुक्ता साध्या की-बोर्डवर हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या तारवाद्याचा आवाज लावून बसलेली असे. पाठ ताठ, डावा पाय उगाच हलता, चुकली की जिभेचं टोक दातांत.

"कुणी किल्ल्यांचा जुडगा हलवतंय वाटतं," बूट काढता काढता मी म्हणायचो. संगीतातली माझी गती एवढीच. गणपतीच्या आरतीत झांजसुद्धा माझ्या हातून प्रेमानं काढून घेतली जाते.

"बाबा, प्लीज. जस्ट लिसन."

तिचा सारा जीव तीनशे वर्षांपूर्वीच्या एका फ्रेंच रचनाकारात गुंतलेला. राजदरबारी शिकवण्या करणारा, प्रकृतीनं नाजूक असा हा गृहस्थ सुरांनी माणसं रंगवी: कुणी रुसलेली शिष्या, कुणी बडबडी शेजारीण. पुढे त्याचे हात थकले, तेव्हा राजापुढे त्याची लेक वाजवायला बसली. एवढं सांगायला मात्र मुक्ता इंग्रजी सोडून मराठीत आली, हे माझ्या ध्यानात राहिलं.

त्या वाद्याचं एक दुःख आहे. बोट कितीही दाबून धरा, छेडलेली तार क्षणात निमते. म्हणून तो रचनाकार प्रत्येक सुराला मुरक्यांनी, कंपांनी वेढून टाकी. निघालेल्या पाहुण्याला उंबऱ्यावर बोलण्यात गुंतवावं, तसं.

त्याच रीतीनं मुक्तानं आपल्या आईचं सुरांतलं चित्र रचलं: लगबगीचं, मधेच थबकून पुन्हा रागावणारं. सुलभा ऐकून चक्क लाजली.

"आणि माझं?"

"तुझं डिफिकल्ट आहे, बाबा."

आपलं चित्र गंभीर, खर्जातलं, किंचित राजेशाही असणार, हे मी मनोमन ठरवूनही टाकलं.

ऑगस्टमध्ये ती ते वाद्य शिकायला युरोपातल्या एका पावसाळी गावी निघाली. विमानतळावर मी विचारत राहिलो: पासपोर्ट घेतलास? चार्जर? मेतकूट कुठल्या बॅगेत?

"अहो, तिसऱ्यांदा विचारताय," सुलभा म्हणाली. "यल्ला, चला, सोडा आता तिला."

ती काचेपलीकडे गेली, तेव्हा उमगलं की इतका वेळ मीही मुरक्याच घेत होतो.

महिन्याभरानं तिनं खऱ्या हार्पसिकॉर्डवर वाजवलेली एक रचना पाठवली. नाव: 'बाबा'. जेमतेम मिनिटभराची. खर्ज नाही, राजेशाही तर नाहीच. हलकी किणकिण, एक अडखळ, पुन्हा किणकिण, आणि शेवटी एकच स्वच्छ, उघडणारा स्वर.

"हे मी?" मला थोडं लागलंच.

सुलभानं ती रचना पुन्हा एकदा लावली. मग म्हणाली, "किल्ल्या आहेत त्या. तुम्ही आधी हमखास चुकीची लावता ना? दुबईच्या ट्रॅफिकमधून यायला तुम्हाला उशीर व्हायचा, आणि ही एवढीशी पोर दाराआड कान लावून उभी असायची."

इतकी वर्षं मी दाराच्या या बाजूला होतो. पलीकडून मी कसा ऐकू येतो, हे मला कुठून कळावं?

हल्ली संध्याकाळी दाराशी येतो आणि चुकीची किल्ली मुद्दाम आधी लावतो. जुडगा वाजतो. पलीकडे पावलं धावत नाहीत.

"अहो, दार उघडंच आहे," सुलभा आतून सांगते.

मला ते ठाऊक असतं. विरलेला सूर धरून ठेवता येत नाही, काळ तेवढी सवलत कुणालाच देत नाही. पण तार अजून ताणलेली असते, आणि माणूस ती रोज एकदा छेडून पाहतो.