बोक्याचा आवाज

श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात शिवदासइतक्या नकला कुणालाच जमत नसत. सावकाराचं खाकरणं, वरच्या आळीतल्या भटजींचं नाकातलं बोलणं, मासळी विकणाऱ्या बायांची भांडणं, सगळं तो हुबेहूब करी. म्हणूनच बुधाजी सिनेमावाला त्याचं घर विचारत आला.

बुधाजी म्हसळ्याहून बैलगाडीत यंत्र घालून आला होता. सुपारीच्या एका रिकाम्या वखारीच्या खिडक्यांना गोणपाट ठोकून त्यानं भर दुपारी अंधार केला होता. सिनेमा मुका होता, आणि पडद्याशेजारी उभा राहून बोलणारा त्याचा माणूस तापानं फणफणला होता.

"दोन दिवस बोल फक्त," बुधाजी म्हणाला. "ये, आधी बघून तर घे."

त्यानं हातानं यंत्र फिरवलं. पडद्यावर माणसं नव्हतीच. कुणीतरी चित्रात काढलेली जनावरं होती, आणि ती चालत होती. शिवदास लहान मुलासारखा हरखून बघत राहिला. छाती पुढे काढून चालणारा एक कोंबडा आला. मग आला बोका. झाडणीएवढ्या पापण्या, कानामागं फूल, मुरडत चालणं. कोंबडा दिसला की गालाला पंजा लावून तो लाजत होता. कोंबड्यानं सोटा घेतला, बोक्याला बडवबडव बडवलं आणि शेपटीनं झाडाला टांगलं.

"हा बोका बायल्या हाय," बुधाजी म्हणाला. "त्याला 'मी आले गं बाई, मी लाजते' असं बोलायला लाव. मानसं लोळून हसतील."

बोक्याचा तो पंजा कसा गालावर जातो, हे शिवदासला कुणी सांगायची गरज नव्हती. लहानपणी असाच हात गालाला लावला म्हणून बापानं त्याच्या बोटांवर वल्ह्याचा दांडा मारला होता. तेव्हापासून चारचौघांत तो हात कमरेमागं बांधून उभा राही. पण नाही म्हणावं, तर का नाही म्हणतोस असं विचारतील. तो हो म्हणाला.

पहिल्या दुपारी वखार गच्च भरली. शिवदासनं बोक्याला बायकी बोलायला लावलं आणि लोक खरंच लोळले. "हान त्याला!" पुरुषांच्या बाजूनं ओरडा झाला. मार संपेपर्यंत शिवदास किंचाळत राहिला, "मेले गं बाई, मेले!"

त्या संध्याकाळी तो किनाऱ्यावर गेला, तर जाळं विणणाऱ्यांतून कुणीतरी हाक मारली, "काय गं बोके, कुठं चाललीस?" सगळे हसले. शिवदासही हसला. दयाराम, ज्याच्या होडीवर तो काम करी, तो मात्र हसला नाही. तो नुसता शिवदासच्या चालीकडं बघत होता. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

त्याला नामा आठवला. तीन वर्षांपूर्वी शिमग्याला वाड्यातल्या पुरुषांनी नामाला लुगडं नेसवलं, तोंडाला काजळी फासली आणि आधी गंमत म्हणून, मग खरंखुरं, त्याला समुद्रापर्यंत मारत नेलं होतं. "नका मारू रे," एवढंच नामा म्हणत होता. दुसऱ्या दिवशी तो गावातून गेला. शिवदास त्या गर्दीत होता. आपल्याकडं कुणी बघू नये म्हणून त्यानं सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या होत्या.

दुसऱ्या दुपारी तो पुन्हा पडद्याशेजारी उभा राहिला. यंत्र फिरू लागलं. बोका आला आणि लोक हसू लागले. पण पुढच्या रांगेतले पुरुष पडद्याकडं बघतच नव्हते. ते शिवदासकडं बघत होते. एकानं तर बोक्यासारखा पंजा गालाला लावून दाखवला.

कोंबड्यानं सोटा उगारला. शिवदासनं तोंड उघडलं, पण बायकी आवाज निघेचना. सोटा पडत राहिला. वखारीत यंत्राचा खडखडाट तेवढा राहिला. आणि मग तो स्वतःच्याच आवाजात, हळूच म्हणाला, "नका मारू रे."

हसू मध्येच तुटलं. पडद्यावर मार चालूच होता, पण आता तो नुसता मार दिसत होता. बायकांच्या बाजूला कुणीतरी उठलं आणि गोणपाट बाजूला सारून बाहेर गेलं. उजेडाच्या त्या पट्ट्यात शिवदासनं तिला ओळखलं. सोनूबाई, नामाची आई.

"वाटोळं केलंस खेळाचं!" बुधाजी खेकसला. शिवदास मागच्या दारानं पळाला.

सोनूबाई माडाखाली उभी होती.

"तू व्हतास ना शिमग्याला?" तिनं विचारलं.

"व्हय."

"हात उगारलास?"

"न्हाय. टाळ्या वाजवल्या."

त्याला वाटलं, आता ही ओरडणार, वाडा गोळा करणार. समोरून दयाराम आणि तिघे येताना दिसले. शिवदास मागं सरकला. तशी सोनूबाईनं त्याचं मनगट धरलं.

"तुला वाचता येतं?"

"दुसरीपर्यंत शिकलोय."

"मग चल घरी."

ती त्याला घेऊन त्या चौघांच्या मधून गेली. एकानं "बोके" म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हातारीकडं बघून मिटलं. दयाराम खाली बघत म्हणाला, "उद्या भरतीला निघायचंय." ये म्हणाला नाही, येऊ नको असंही नाही.

घरात तिनं दाराला कडी घातली आणि तांदळाच्या मडक्यातून नामाचं पत्र काढलं. वर्षभर तिनं ते कुणाला वाचायला दिलं नव्हतं.

नामा मुंबईला गोदीत कामाला होता. शिवदास अडखळत वाचत गेला. 'आई, माझी काळजी नको. मी आणि चांगदेव एका खोलीत राहतो. तो माझं सगळं बघतो. लग्नाचं कुणी विचारलं तर मी मेलो म्हणून सांग.'

"म्हंजे बरा हाय," सोनूबाई म्हणाली.

"बरा हाय."

"चांगदेवाचं परत वाच."

बाहेर पावलं वाजली. दोघंही थिजली. पावलं दाराशी रेंगाळली, मग किनाऱ्याकडं उतरून गेली. शिवदासचे हात इतके कापत होते की अक्षरं दिसेनात. सोनूबाईनं खालून कागदाला हात लावून तो स्थिर धरला, आणि त्यानं पुन्हा वाचायला घेतलं.